सत्यवतीच्या हातची कढी

सत्यवतीच्या घरी गेलं की बसायच्या आधी पाणी प्यावं लागायचं. तहान असो नसो. दारातच ती पेला पुढे करायची आणि म्हणायची, "तांब्याचं आहे, घे." नाही म्हणायची सोय नव्हती. इकडे हिंदी मुलखात, रांझीतल्या आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या ओळीत पोस्टमनपासून गॅसवाल्या भैयापर्यंत सगळ्यांनी ते पाणी प्यायलेलं आहे. तांब्याचा हंडा ओट्याच्या कडेला असे. रात्री भरायचा, सकाळी त्यातलं पाणी वाटायचं, आठवड्यातून एकदा लिंबू-मीठ लावून लखलखीत घासायचा. घासून झाला की ती त्यात आपलं तोंड बघायची. मी एकदा म्हटलं, "आरसा घे की एखादा चांगला." तर म्हणे, "आरशात मी एवढी गोरीगुलाबी कुठं दिसते?"

तिला असं बोलता येतं हे पुष्कळांना माहीत नाही. लोकांना ती घुमी वाटते. मी ज्योती, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. आमचे हे आणि तिचा नवरा भाऊराव एकाच फॅक्टरीत, एकाच शॉपमध्ये, म्हणजे खात्यात. आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात लग्न होऊन या ओळीत आलो, मी अमरावतीहून आणि ती वरूडजवळच्या एका गावातून. मला तोंड आहे, तिला नाही, म्हणून तिची गोष्ट मी सांगते. तिलाच विचाराल तर "त्यात काय सांगायचं" म्हणेल आणि कणीक मळायला घेईल.

भाऊराव तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. म्हणजे आत्या हीच सासू. आमच्या लोकांत मामाची मुलगी करायची पद्धत आहे, अजूनही आहे, आणि अशा लग्नात दोन्हीकडचे फार खूश असतात. घरातली पोर घरात राहिली, चौकशी नको, पारख नको. सत्यवतीच्या आईला वाटलं, आत्याच्या हाताखाली पोरगी सुखात राहील. लग्नाआधी आत्या लाड करत असेलही. मी पाहिली ती सासू होती.

घरात माणसं चार. आत्या, भाऊराव, सत्यवती आणि भाऊरावची धाकटी बहीण नर्मदा. तिला सगळे नमू म्हणायचे. सोळा-एक वर्षांची होती, बारीक, कायम अंगावर ओरडा खाणारी. तांब्याचा हंडाही तेव्हापासूनचा. तो आत्यानं माहेरून आणलेला, म्हणजे सत्यवतीच्याच बापाच्या घरचा. त्या हंड्यातलं पाणी फक्त भाऊरावला मिळे. "कमावत्या माणसाचं पाणी आहे ते," असं आत्या म्हणायची. नमू आणि सत्यवती माठातलं प्यायच्या. मी पाहुणी म्हणून गेले तरी मला माठातलंच.

लग्नाला चार-पाच महिने झाले असतील. त्या घरात कढीचं एक मोठं पितळी पातेलं होतं आणि त्याची कल्हई उडाली होती. आतून पितळ उघडं पडलं होतं. कल्हईवाला ओळीत दोनदा हाक देऊन गेला, आत्यानं दोन्ही वेळा त्याला "पुढल्या महिन्यात" म्हणून परत पाठवलं. रात्री आत्यानंच उरलेलं आंबट ताक त्या पातेल्यात ओतून ठेवलं आणि सकाळी सुनेला म्हणाली, याचीच कढी टाक. उघड्या पितळेत आंबट राहिलं की ते कळकतं. त्याला हिरवी झाक येते, जिभेला कसंसंच लागतं. पण हळद आणि आलं पडल्यावर कुणाच्या ते लक्षात आलं नाही. नव्या सुनेनं पहिल्यांदा पातेलंभर कढी केली म्हणून मला पण वाटी आली. दुपारपर्यंत त्या घरातले सगळे आणि इकडे मी, ओकून ओकून पार आडवे झालो. दोन दिवसांत सगळे उठून कामाला लागलो. नमू मात्र उठली नाही. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, लघवी चहासारखी व्हायला लागली. काविळीचं जे जे करतात ते सगळं झालं. दीड महिन्यानं ती गेली.

तेरवीला आत्या भिंतीला टेकून बसली होती. जो येईल त्याला एकच सांगायची, "हिच्या हातच्या कढीनं गेली माझी पोर." सत्यवती तिथंच पत्रावळी मांडून राहिली होती. मी म्हटलं, "आत्याबाई, मी पण खाल्ली ती कढी. मी जिवंत आहे. अन् पातेल्याची कल्हई कोणी टाळली?" त्यानंतर आत्या माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. मला काही त्याचं दुःख झालं नाही.

भाऊराव तिथंच होता. आईला "असं म्हणू नको" एवढंही तो म्हणाला नाही, आणि बायकोलाही त्यानं कधी बोल लावला नाही. फक्त त्या दिवसापासून त्यानं कढी सोडली. ताटात वाटी आली की बोटानं बाजूला सारायची. सत्यवतीनं सारं पितळ हळूहळू मोडीत काढलं, स्टीलची भांडी आणली, त्यात पुढे पोरांसाठी कढी केली. पोरांना ती फार आवडते. ती दर वेळी भाऊरावपुढेही वाटी ठेवायची आणि तो दर वेळी सारायचा. पोरांना वाटे, बाबांना आंबट चालत नाही. नमू नावाची आपली कोणी आत्या होती, हे त्यांना माहीतच नव्हतं. तिचा फोटो आत्यानं पेटीत ठेवला होता आणि आत्या गेल्यावर ती पेटी कोणी उघडली नाही.

आत्या गेल्यावर हंड्याची मालकी सत्यवतीकडे आली. पहिल्याच सकाळी तिनं त्यातलं पाणी ओळीत वाटलं. बायकांना, पोरींना, कोणालाही. मला वाटतं, तेवढं एकच बंड तिनं आयुष्यात केलं.

आता सुशांतचं सांगते. सुशांत तिचा मोठा मुलगा, विजय नगरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. काम नाजूक. भिंगाखाली फोनच्या आतली प्लेट धरून बारीक बारीक जोड द्यायचे. मालक त्याला उस्ताद म्हणायचा. मागच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास त्याचा हात थरथरू लागला. आधी उजवा, मग दोन्ही. मग जीभ जड झाली, बोललेलं दोनदा विचारावं लागे. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. आणि राग असा की ताट भिरकावायचा, मग त्याच ताटापाशी बसून रडायचा. मालकानं भाऊरावला फोन करून सांगितलं, "लड़का पीने लगा है, कुछ दिन घर पर रखो." ओळीत दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की सत्यवतीचा पोरगा दारुड्या झाला.

भाऊराव रोज संध्याकाळी पोराच्या तोंडाचा वास घ्यायचा. वास यायचा नाही, तर म्हणायचा, "मग गोळ्या घेत असेल." सत्यवतीनं तिचा उपाय केला. सकाळी तांब्याचं पाणी एक पेला देत होती ते दोन पेले द्यायला लागली, रक्त साफ होईल म्हणून. शेवटी मी भाऊरावला फाटकातच गाठलं. म्हटलं, "भाऊजी, वास घेऊन रोग कळत असता तर दवाखाने काहून उघडले असते? चला उद्या, मी पण येते."

डॉक्टरीणबाई तरुण होती, सागर शहराकडची. ती हिंदीत बोलत होती, मी मराठीत सांगते. तिनं सुशांतला चालायला लावलं, हात समोर धरायला लावले, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव लिहिताना अक्षरं बारीक बारीक होत गेली आणि शेवटचं उमटलंच नाही. मग तिनं डोळ्याच्या मशीनवर पाठवलं. तिथं त्याच्या डोळ्याच्या काळ्या भागाच्या कडेला एक तपकिरी-हिरवट कडं दिसलं. मग रक्त तपासून झालं, आणि दिवसभराची लघवी एका कॅनमध्ये जमा करून नेऊन द्यायची झाली. तो कॅन घेऊन बसमध्ये भाऊराव असा बसला होता की जणू त्याची कोणाशी ओळखच नाही. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाली, "ह्याच्या शरीरात तांबं साठलंय."

सत्यवतीचा चेहरा पांढरा पडला. तिला हंडा दिसला असणार.

डॉक्टरीणबाईनं नीट समजावून सांगितलं, घाई केली नाही. तांबं सगळ्यांनाच लागतं, थोडंसं. ते रोजच्या जेवणातून येतं, तिळातून, दाण्यातून, काजूतून. लिव्हर त्यातलं हवं तेवढं ठेवतं आणि बाकीचं पित्तातून बाहेर टाकतं. काही माणसांत हे बाहेर टाकायचं दारच जन्मापासून बिघडलेलं असतं. मग तांबं लिव्हरच्या पेशींत साठत राहतं, वर्षानुवर्षं. आणि तांबं नुसतं पडून राहणारी चीज नाही. ते सारखी देवाणघेवाण करतं, एक कण देतं, एक घेतं, पुन्हा देतं. त्या धुमश्चक्रीत पेशीतल्या प्राणवायूपासून फार तिखट, बोचरी द्रव्यं तयार होतात, आणि ती पहिल्यांदा पेशीच्या भिंतीवर तुटून पडतात. पेशीची भिंत चरबीची असते.

"तुम्ही घरी तूप तांब्याच्या भांड्यात ठेवता का?" तिनं सत्यवतीला विचारलं.

"छे. हिरवं पडते. खवट होते."

"बस. तेच आत होतंय. पेशीची चरबी खवट होते आहे. अशी द्रव्यं विझवायला शरीराजवळ आपला साठा असतो, पण तो असा किती दिवस पुरणार? साठा संपला की पेशीला ताकद देणारे भाग फुगतात, फाटतात, पेशी मरते. मेली की तिच्यातलं तांबं रक्तात सांडतं आणि पुढे जातं. डोळ्यात. मेंदूत. म्हणून हात."

भाऊरावनं विचारलं, "म्हणजे दारू नाही?"

"नाही. कधीच नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाली. भाऊराव खाली बघत राहिला. सुशांत काही म्हणाला, पण त्याची जीभ वळली नाही आणि कोणाला कळलं नाही.

तिनं गोळ्या लिहून दिल्या. तांबं बाहेर ओढून लघवीतून घालवणाऱ्या, उपाशीपोटी घ्यायच्या. जन्मभर. बरं वाटायला महिने लागतील, आणि बरं वाटलं म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. तीळ, दाणे, काजू, चॉकलेट बंद. हंड्यातलं पाणीही बंद. आणि उठताना म्हणाली, "ह्याची बहीण आहे ना? तिची पण तपासणी करा. लवकर."

हे शेवटचं वाक्य घरी पोचेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यातून गेलं. त्यांना एकच ऐकू आलं होतं, हंड्याचं पाणी बंद. भाऊरावनं घरात शिरल्या शिरल्या हंडा उचलला आणि मागच्या अंगणात पालथा टाकला. म्हणाला, "ह्यानं केलं." दोन दिवसांत ओळीतल्या निम्म्या घरांतले तांब्याचे जग माळ्यावर गेले. काल-परवापर्यंत ज्यांना दारू दिसत होती, त्यांना आता हंडा दिसायला लागला. मी म्हटलं, "डॉक्टर दार बिघडलंय म्हणाली, हंडा नाही." पण माझं कोण ऐकतं?

सुखदा, धाकटी, तेवीस वर्षांची. ती विजय नगरातच एका कोचिंगच्या ऑफिसात बसते. लहानपणापासून तिला त्या पाण्याला वास येतो असं वाटे. ती कधीच ते प्यायली नाही, फिल्टरचंच प्यायची. आईचं नि तिचं त्यावरून रोज वाजायचं. आता मी तपासणीची आठवण दिली तर ती म्हणायला लागली, "मी तर ते पाणी प्यायलेच नाही ना. मग मला काय होणार आहे? मी काहून सुया टोचून घेऊ?" भाऊराव म्हणाला, "बरोबर आहे तिचं." सत्यवतीही मान डोलावत राहिली. तिला ते खरं वाटायला हवं होतं. एक पोरगं असं समोर थरथरत बसलेलं असताना दुसऱ्याबद्दल असं काही मनात आणायला कोणत्या आईला आवडेल? सुखदाची भूक मेली होती, ती लवकर थकायची, पण ऑफिसात काम वाढलंय असं ठरलं होतं.

मी दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलायला गेले तर सुखदा म्हणाली, "ज्योती काकू, प्लीज. चलो, विषय बदला." मीही चिडले आणि घरी आले.

मग एक दिवस सकाळी सत्यवती माझ्याकडे आली. हात पिठाचे होते, तशीच आली. बसली नाही.

"ज्योती," ती म्हणाली, "आत्ता सुशांत पाणी घेऊन येत होता. निम्मं सांडलं. मी पुसून राहिली होती, अन् मला नमू आठवली. नमूच्या हातून असंच पाणी सांडत जाय. आत्या मारायची तिला, वेंधळी आहे म्हणून."

"कधी? कढीच्या नंतर?"

"आधी. मी लग्न होऊन आली तेव्हापासूनच. चहाचा कप दोन हातांनी धरायची. अन् सकाळी तिची उशी ओली असायची. मी धुवायची ना अभ्रे." मग म्हणाली, "होळीला तिचे डोळे पिवळे होते. मी आत्याला म्हटलं होतं. आत्या म्हणाली, तुझेच डोळे तपास."

मी चप्पल घातली.

आम्ही दोघीच गेलो. कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईपुढे सत्यवती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. नमूचं, पातेल्याचं, तेरवीचं. इतक्या वर्षांत "कढी" हा शब्द त्या गोष्टीत वापरताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. हिंदीत बोलत होती म्हणून जमलं असेल. मधेच मराठीत जायची आणि मी दुरुस्त करायची.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "कढी किती जणांनी खाल्ली?"

"आम्ही चौघांनी. अन् हिनं," माझ्याकडे बोट.

"उलट्या सगळ्यांना?"

"सगळ्यांना. दोन दिवसांत बरे झालो. नमू सोडून."

"उलट्या त्या भांड्यामुळे झाल्या असतील, ते खरं आहे. आंबट ताकात पितळेतलं तांबं उतरलं. पोट ते ठेवून घेत नाही, बाहेर फेकतं. पण लिव्हर असं एका वाटीनं भरत नाही. त्या मुलीचं सोळा वर्षं भरत होतं. हात थरथरणं, लाळ, डोळे, हे सगळं तुमच्या कढीच्या आधीचं आहे." तिनं पेन खाली ठेवलं. "त्या आजारपणानं तिला किती धक्का बसला, ते आज मी सांगू शकत नाही. पण ती ह्याच रोगानं गेली असं मला वाटतं, आणि तुम्ही कढी केली नसती तरी गेली असती. तेव्हा कोणी ओळखलं असतं तर वाचली असती."

मला वाटलं, आता ही रडेल. मी रुमाल काढून ठेवला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "पण नमू त्या हंड्याचं पाणी प्यायलीच नाही कधी. तरी तिला झालं?"

"पाण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही आणि तुमचे पती नात्यात आहात?"

"माझ्या आत्याचा मुलगा."

"मग ते बिघाडाचं एकेक बीज तुमच्या दोघांकडे एकाच घरातून आलंय. तुम्हाला काही होत नाही, एकेकच आहे. मुलांत दोन्ही एकत्र आली की रोग. तुमच्या नणंदेतही तशीच आली असणार, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. तुमच्या मुलीत येण्याचा संभव चारात एक." मग तिनं फाईलवर नजर टाकली. "मी बहिणीला आणायला सांगितलं होतं ना?"

"ती येत नाही," सत्यवती म्हणाली. "पाणी प्यायली नाही म्हणते."

"तुमची नणंदही प्यायली नव्हती."

परतीच्या ऑटोत सत्यवती एकच वाक्य बोलली. "हंडा पण तिथूनच आला अन् हे पण तिथूनच." मला आत्यावर भयंकर राग आला होता आणि मेलेल्या माणसावर रागावून काय करायचं ते समजत नव्हतं.

संध्याकाळी तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, तू फक्त बस. सुखदा नुकतीच ऑफिसातून आली होती, भाऊराव ड्यूटीवरून. सुशांत पलंगावर होता. सत्यवतीनं आत्याची पेटी उघडली आणि नमूचा फोटो काढून सुखदाच्या मांडीवर ठेवला.

"ही कोण?" सुखदानं विचारलं.

"तुझी आत्या. नर्मदा. सोळा वर्षांची होती. मी हिला मारलं असं ह्या घरात म्हणत होते."

भाऊरावनं मान वर केली. "सत्यवती, ते काहून काढून राहिली आता?"

"काढते. पोरीला कळू द्या." ती सुखदाकडे वळली आणि तिनं सांगितलं, जसं डॉक्टरला सांगितलं तसंच, एकही गोष्ट न वगळता. मग नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही सांगा. नमू त्या हंड्याचं पाणी कधी प्यायली?"

भाऊराव वाकून बुटाची लेस सोडायला लागला.

"सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय ही तपासायला जायची नाही."

"नाही," भाऊराव म्हणाला. "आई तिला देतच नव्हती. मलाच द्यायची."

"हात कापायचे तिचे?"

भाऊरावचा आवाज बदलला. "कापायचे. माझ्या ड्यूटीच्या कपड्यांवर चहा सांडला होता तिनं. मी थोबाडीत मारली होती तिच्या." एवढं बोलून तो पलंगाच्या कडेवर सुशांतशेजारी बसला आणि पोराच्या थरथरत्या हातावर हात ठेवला. तो हात थरथरतच राहिला.

सुखदानं फोटो पाहिला, मग भावाकडे पाहिलं, मग मला म्हणाली, "काकू, उद्या हाफ डे मिळेल. तुम्ही येता का सोबत?"

तिलाही तेच निघालं. डोळ्यात कडं अजून आलेलं नव्हतं, हात ठीक होते, पण तपासणीत तांबं निघालं आणि लिव्हरला सूज धरू लागली होती. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अजून काही वर्षांनी आली असती तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. आता गोळ्या घे, नोकरी कर, लग्न कर, पोरं होऊ दे. फक्त गोळी चुकवायची नाही. आणि लग्न नात्यात नको." सुखदा रडली, मग बाहेर येऊन तिनं फळाचा रस प्यायला. सत्यवती तिच्याकडे बघत उभी होती. मी तिला विचारलं, "बरं वाटतंय का?" ती म्हणाली, "मला फार भीती वाटून राहिली आहे, ज्योती. पण आता ती भीती बरोबर जागेवर आहे."

सुशांतचं बोलणं होळीच्या आसपास सुधारायला लागलं. हात अजून थरथरतात, पण कप एका हातानं धरतो. मालकानं बोलावलंय, निदान काऊंटरवर तरी बस म्हणून. मालक घरी आला तेव्हा सत्यवतीनं त्याला फिल्टरचं पाणी दिलं. हंडा अजून अंगणात पालथा आहे, हिरवा पडलाय.

मागच्या रविवारी सकाळी भाऊराव बाजारातून आला आणि पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "दही आणलंय. आज कढी कर." मी तिथंच बसले होते, दाण्याशिवाय पोहे कसे करायचे ते शिकत. सत्यवतीनं दही घुसळलं, बेसन लावलं, आल्याचा तुकडा ठेचला, फोडणी दिली. ताटं मांडली. सुशांतला वाढली, सुखदाला वाढली, मला पण वाटी दिली. भाऊराव वाटी पुढे करून बसला.

ती पळी हातात धरून उभी राहिली.

"आधी सांगा," ती म्हणाली, "नमूला कोणी मारलं?"

भाऊरावनं पोरांकडे पाहिलं. "सत्यवती, जेवताना..."

"जेवतानाच. तीस वर्षं जेवतानाच वाटी सारली तुम्ही."

मी घास तोंडात घेतला नव्हता. सुखदानं पण घेतला नाही.

"कोणी नाही," तो म्हणाला. "रोग होता तो."

"अन् मी?"

"तू नाही."

"पोरांकडे बघून सांगा."

त्यानं पोरांकडे पाहिलं. डोळ्यातलं पाणी पुसलं नाही, तसंच गालावर येऊ दिलं. "तुमच्या आईनं नमूला मारलं नाही," तो म्हणाला. "मला माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. आईपुढे बोललो नाही."

मला वाटलं, ही आता पळी फेकून मारेल. मी असते तर मारली असती, आणि वर पातेलंही ओतलं असतं. सत्यवती जागची हलली नाही. मग ती वाकली आणि त्याच्या वाटीत कढी वाढली.

त्यानं दोनदा मागून घेतली. ती स्वतः मात्र जेवायला बसली नाही, अंगणात जाऊन पालथ्या हंड्यावर बसली आणि रडली. मी माझी वाटी घेऊन तिच्याजवळ गेले, आणि आम्ही दोघींनी त्याच वाटीतून खाल्ली.